मनीषेचें नांव कोणीं बदललें?

अभिनेते सतीश शाह यांचें २०२५ च्या ऑक्टोबरांत निधन झाल्यापासून 'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही त्यांची जुनी हिंदी मालिका सुशिक्षित घरांतून पुन्हां पाहिली जात आहे, ही गोष्ट आम्हांस आनंदाचीच वाटते. २००४ ते २००६ या काळांत ती प्रथम दाखविली गेली तेव्हां तिला प्रेक्षक बेताचेच लाभले. कीर्ति मागाहून आली. विनोदाच्या बाबतींत असें पुष्कळदां घडतें, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती या नव्या रसिकांच्या निकालाबद्दल. ज्याला विचारावें तो म्हणतो, मालिकेची शोभा म्हणजे माया, आणि मोनिषा? ती बिचारी हंसण्यासाठीं ठेवलेली गबाळी सून! इतकेंच असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु आमच्या ओळखीच्या एका घरीं, आजीनें श्रीखंडाचा रिकामा डबा धुवून फडताळांत ठेवला म्हणून, पंधरा वर्षांच्या नातीनें मायाबाईंच्या थाटांत नाक मुरडून 'किती मिडल क्लास!' असे उद्गार काढले, आणि सारें घर हंसलें. आजीही हंसली. दुसऱ्या दिवशीं मात्र तो डबा फडताळांत नव्हता.

ज्यांनीं मालिका पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. मुंबईच्या कफ परेडवरील एका इमारतींत, समोरासमोरच्या दोन सदनिकांत हें कुटुंब राहतें. एकींत इंद्रवदन साराभाई, त्यांची पत्नी माया आणि धाकटा मुलगा रोसेश. दुसरींत थोरला साहिल, जो कॉस्मेटिक सर्जन आहे, आणि त्याची नोएडाहून आलेली पत्नी. या पत्नीचें खरें नांव मनीषा सिंग. सासूबाईंना तें फारच सामान्य वाटलें, म्हणून त्यांनीं तिची मोनिषा केली. लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल आपल्याकडेही होती, आणि त्यांत कोणाला हंसण्यासारखें कांहीं दिसत नसे. लेखक आतिश कपाडिया यांना तें दिसलें, ही त्यांच्या दृष्टीची पहिली साक्ष. आम्ही या लेखांत तिला मनीषाच म्हणणार आहों.

आतां प्रश्न असा कीं, या मालिकेंत हंसें कोणाचें होतें? ज्याचें ढोंग उघडें पडतें त्याचें हंसें होतें, हा विनोदाचा जुना नियम आहे. मनीषा दोन रुपयांसाठीं घासाघीस करते, कपडे धुण्याच्या पुडीबरोबर बादली फुकट मिळते म्हणून हरखून जाते, रडक्या कौटुंबिक मालिका तल्लीन होऊन पाहते. पण यांतलें कांहींएक ती लपवीत नाहीं. जिनें मुखवटाच घातलेला नाहीं तिचा मुखवटा गळून कसा पडणार? म्हणून मायाबाईंचे ते साखरेंत घोळलेले बाण तिच्या अंगावरून नुसते ओघळून जातात. उलट मायाबाईंची सारी प्रतिष्ठा अभिरुचीवर उभी. स्वस्तांतला पडदा पाहून त्यांना मूर्च्छा यावयाची. आणि त्याच मायाबाई रोसेशची कविता ऐकतांना गहिंवरून जातात! ती कविता म्हणजे उपमा आणि वेडगळपणा यांची खिचडी. तिला हंसावयाला काव्यशास्त्र नको, कान असले म्हणजे पुरे. इंद्रवदनाला ते आहेत, मनीषेला आहेत. नाहींत ते मायाबाईंना. ज्या अभिरुचीच्या बळावर सुनेचा उठतां-बसतां उद्धार करावयाचा, ती पोटच्या पोराच्या चार ओळींपुढें आंधळी होते, हें या मालिकेचें खरें वर्म. रत्ना पाठक शाह यांचा अभिनय थोर ठरतो तो येथें. त्यांची माया कधीं क्रूर वाटत नाहीं, कारण तिचें आंधळेपण आईचें आहे. तिच्या नांवांतच तें आलें. मराठींतला हा श्लेष लेखकाला अभिप्रेत नसावा. पण फुकट मिळालेलें सोडूं नये, हें आम्ही मनीषेकडून शिकलों.

आणि इंद्रवदन कोणाच्या बाजूचा? १९८४ च्या 'ये जो है जिंदगी' या मालिकेंत भागाभागांतून निराळ्या भूमिका करणाऱ्या सतीश शाह यांनीं येथें आपली सारी मिष्किली एका माणसांत साठविली आहे. आणि हा माणूस पत्नीच्या उंची दिवाणखान्यापेक्षां सुनेच्या पसाऱ्यांत अधिक सुखी असतो. प्रेक्षकानें कोठें बसावें हें याहून स्पष्ट कसें सांगावयाचें?

लेखकाशीं आमचें भांडण एकाच मुद्द्यावर आहे. त्यांनीं काटकसर आणि अस्वच्छता यांची जोडी लावून दिली. मनीषा पैसे वांचविते म्हणून तिचें घर गचाळ असलेंच पाहिजे, हें कोठलें तर्कशास्त्र? आम्हीं पाहिलेल्या काटकसरी घरांतून पितळेचीं भांडीं आरशासारखीं लखलखत असत. हा अन्याय झाला नसता तर नातीला नाक मुरडण्यास निमित्त मिळालें नसतें, असें म्हणण्याचा मोह होतो. पण मोहच तो. निमित्त शोधणाऱ्याला तें कोठेंही सांपडतें.

चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाकडे पाहा. मुंबई दूरदर्शनवर १९७० नंतरच्या दशकांत दिलीप प्रभावळकर यांनीं चिमणराव आणि बाळ कर्वे यांनीं गुंड्याभाऊ उभा केला, तेव्हां आमच्या पिढीनें त्या काळ्या-पांढऱ्या पडद्यासमोर दाटीवाटीनें बसून तीं पात्रें पाहिलीं. चिमणराव हाही कारकून, पैशाला जपणारा, फजितीला सोकावलेला. परंतु पुस्तकांत त्याची फजिती तो स्वतःच सांगतो. त्याच्यावर उंचावरून कोणी हंसत नाहीं. त्याला हंसणारे आम्ही त्याच्याच चाळींतले होतों. आम्ही जुन्याचे भाट आहों असा आरोप येईल, म्हणून सांगतों: कारागिरींत 'साराभाई' तसूभरही उणी नाहीं. बदलला आहे तो प्रेक्षक. त्याची चाळ सुटली, आणि सदनिकेंत शिरतांच तो मायाबाईंच्या खुर्चीवर जाऊन बसला.

२०१७ सालीं ही मंडळी थोड्या भागांपुरती इंटरनेटवर परत आली. नट बहुतेक तेच. पण मनीषेची काटकसर हा आतां स्वभाव न राहतां नुसती खूण झाली होती, आणि बाण सारे आधींच ऐकलेले. प्रेक्षकांनीं जें आवडलें म्हणून ओरडून सांगितलें, तेंच त्यांच्या पानांत पुन्हां वाढलें गेलें.

परवां त्या घरीं पुन्हां जाण्याचा योग आला. नातीनें मालिकेचा जुना भाग लावला होता. मनीषा फुकटची बादली मिरवूं लागली तशी सारी मंडळी खो खो हंसूं लागली. आजी मात्र चष्मा सांवरून पुढें वांकल्या आणि म्हणाल्या, "बादली चांगली आहे हो! कडीही मजबूत दिसते."