दिवा बसवला, पण विझला तर कळणार कोणाला?

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. आज तिथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते आणि डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोची हैदराबादची विमानसेवाही सुरू झाली. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या जंगलपट्ट्यात, देवरी तालुक्यातले चिचगड आहे. इथल्या माणसाचा विमानाशी फारसा संबंध येत नाही. तरीही धावपट्टीवरच्या दिव्यांची निगा कशी राखतात, यातून आपल्या ग्रामीण आरोग्यसेवेने शिकण्यासारखे बरेच आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे नियम या बाबतीत फार काटेकोर आहेत. कमी दृश्यमानतेत उपकरणांच्या आधारे विमान उतरवायचे असेल, तर धावपट्टीच्या कडेचे किमान ८५ टक्के दिवे चालू असावे लागतात आणि त्याहून कठीण परिस्थितीसाठी ही अट ९५ टक्क्यांवर जाते. शिवाय शेजारचे दोन दिवे एकाच वेळी बंद असलेले चालत नाहीत. कारण सलग दोन दिवे नसले तर वैमानिकाला धावपट्टीची रेषाच तुटलेली दिसते. थोडक्यात, तिथे किती दिवे बसवले याला महत्त्व नाही. आज रात्री किती पेटले, हे मोजले जाते.

जिथे वीज पोहोचत नाही किंवा केबल टाकणे परवडत नाही, अशा धावपट्ट्यांवर आता सौर दिवे लावतात. प्रत्येक दिव्याला स्वतःचे छोटे पॅनेल, बॅटरी आणि एलईडी असते. आधुनिक यंत्रणेत हे दिवे रेडिओ लहरींनी एका नियंत्रकाशी जोडलेले असतात. बॅटरीचा दाब किती, दिवसभरात चार्जिंग किती झाले, दिवा पेटला का, ही माहिती दूरवरच्या कार्यालयात दिसते. बॅटरी थकू लागली की दिवा विझण्याआधीच तंत्रज्ञाला कळते. तपासणीसाठी रोज गाडी पाठवावी लागत नाही.

ऑस्ट्रेलियात १९२८ साली सुरू झालेली ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा अशाच दुर्गम धावपट्ट्यांवर उतरून रुग्ण उचलते. रात्री विमान यायचे असेल तर तिथले लोक इंधनात भिजवलेले कागदाचे रोल डब्यांत पेटवून ओळीने मांडत. अनेक ठिकाणी त्या टेंभ्यांची जागा आता सौर दिव्यांनी घेतली आहे. तिथे धावपट्टीचा दिवा हाही उपचाराचाच भाग आहे.

आता आपल्याकडे पाहू. गेल्या काही वर्षांत प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि ग्रामीण रुग्णालयांच्या छपरांवर सौर पॅनेल आली. ही चांगलीच गोष्ट आहे. जंगलातून येणाऱ्या तारेवर वादळात फांदी पडली की वीज कधी येईल, हे कोणी सांगू शकत नाही आणि बाळंतपण तोवर थांबत नाही. टाके घालायला प्रकाश लागतो, नवजात बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरला वीज लागते, घशातला स्राव ओढणाऱ्या सक्शन यंत्राला लागते. सर्पदंशाचा रुग्ण तर बहुधा पावसाळ्यातल्या रात्रीच येतो.

शेजारच्या छत्तीसगडने हे लवकर ओळखले. तिथल्या ‘क्रेडा’ या सरकारी संस्थेने पाचशेहून अधिक आरोग्य केंद्रांवर सौर संच बसवले. दिल्लीच्या ‘सीईईडब्ल्यू’ संस्थेच्या २०१७ मधील अभ्यासात असे दिसले, की सौर संच असलेल्या केंद्रांत महिन्याला होणारी बाळंतपणे वीजटंचाई असलेल्या, संच नसलेल्या केंद्रांच्या जवळपास दुप्पट होती. याचे सगळे श्रेय पॅनेलला देता येणार नाही. इतरही कारणे असू शकतात. पण जिथे रात्री दिवा असतो तिथे लोक जातात, हे आम्हा सरकारी डॉक्टरांना अनुभवाने ठाऊक आहे.

अडचण संच बसवल्यानंतर सुरू होते. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते, पण बॅटरी इतकी टिकत नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. विदर्भाचा उन्हाळा लक्षात घ्या. त्यात बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे राहून जाते, पॅनेलवर धूळ साचते, उंदीर वायर कुरतडतात आणि दोन दिव्यांसाठी आखलेल्या संचावर कोणीतरी कूलरही जोडतो. संच अचानक बंद पडत नाही. आधी आठ तास चालतो, मग पाच, मग दोन. महावितरणची वीज असेपर्यंत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या रात्री वीज जाते, त्या रात्रीच कळते.

दिवा विझला तर निदान दिसतो. फ्रीजचे दुखणे त्याहून वाईट आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला दिले जाणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. उष्णतेने त्याचा गुण कमी होतो, पण कुपीकडे पाहून काहीच समजत नाही. औषध तसेच पारदर्शक दिसते. सिस्टर योग्य वेळी योग्य इंजेक्शन देते आणि तरीही रक्त थांबत नाही. त्याचे कारण आठवड्यापूर्वी बंद पडलेल्या फ्रीजमध्ये असेल, असे त्या क्षणी कोणाच्या मनातही येत नाही.

यावर उपाय नवीन शोधायचा नाही. लसींच्या बाबतीत आपण तो केलेलाच आहे. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘ई-विन’ यंत्रणेत लसींच्या फ्रीजला तापमान नोंदवणारे उपकरण जोडतात. त्यात सिमकार्ड असते. तापमान मर्यादेबाहेर गेले की संबंधितांच्या मोबाइलवर संदेश येतो. लशीसाठी जे जमले ते बॅटरी, इन्व्हर्टर आणि लेबर रूमच्या दिव्यासाठी का जमू नये?

मात्र उपकरण लावले म्हणजे काम झाले, असेही नाही. थर्मामीटर लावल्याने ताप उतरत नाही. अतिदक्षता विभागात मॉनिटर कितीही वाजला, तरी धावून जाणारे कोणी नसेल तर तो केवळ गोंगाट ठरतो. दुर्गम भागात आणखी एक पेच आहे. वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवरही बंद पडतो, म्हणजे ज्या वेळी संदेश यायला हवा त्याच वेळी तो येत नाही. म्हणून संचाने बिघाडाचीच नव्हे, तर ‘सगळे ठीक आहे’ अशीही खबर रोज द्यायला हवी. ज्या दिवशी ती आली नाही, तो दिवस बिघाडाचा समजून चौकशी व्हावी.

त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. जिल्हा पातळीवर हे संदेश पाहण्याची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीवर असावी आणि दुरुस्तीची मुदत ठरलेली असावी. तालुक्याच्या ठिकाणी फ्यूज, वायर, चार्ज कंट्रोलर आणि एखादी जास्तीची बॅटरी शिल्लक असावी. स्थानिक आयटीआय झालेल्या तरुणांना हे काम शिकवून मानधनावर घ्यावे; नागपूरहून तंत्रज्ञ येण्याची वाट पाहण्यात आठवडा जातो. आणि ठेकेदाराला सगळे पैसे संच बसवल्यावर देऊ नयेत. किती दिवस संच चालू राहिला, त्यावर पुढचे हप्ते द्यावेत.

‘पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न येईलच. किरकोळ देखभालीसाठी रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो. बॅटरी बदलण्याचा मोठा खर्च काही वर्षांनी येणार, हे संच घेतानाच माहीत असते. मग त्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी. डॉक्टरांनी बॅटऱ्या कशाला पाहायच्या, असेही काही सहकारी विचारतात. बॅटरी डॉक्टरने दुरुस्त करावी असे कोणी म्हणत नाही. पण ती चालू आहे की नाही हे रोजच्या पाहणीत, ऑक्सिजन सिलिंडरइतक्याच गांभीर्याने, तपासले गेले पाहिजे.

वैमानिकाला उतरण्याआधीच सांगितले जाते, की अमुक धावपट्टीचे दिवे बंद आहेत, दुसरीकडे जा. रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईला आणि तिच्यासोबत निघालेल्या आशाताईला असे कोणी सांगत नाही. त्यांना दुसरी धावपट्टीही नसते. मग त्यांच्या दिव्याची मोजदाद तरी रोज व्हायला नको का?