रक्त घेतलं, नोंद कुठे आहे?

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या एका गावच्या तरुणांनी या आठवड्यात मला एक निवेदन पाठवलं. गावातल्या एका मुलाला ब्लड कॅन्सर झाला आहे, त्याच्या घराजवळ मोबाईलचा टॉवर आहे, तेव्हा टॉवर हलवा, अशी त्यांची मागणी. त्यावर त्यांना तोंडी उत्तर मिळालं, 'टॉवरनं काही होत नाही, अफवा पसरवू नका.' बोलणं शास्त्राला धरून आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये ज्या पट्ट्यातल्या लोकांचे केस तीन-चार दिवसांत हाताला आले, त्यांना दटावून गप्प बसवणं मला मान्य नाही.

टॉवरचं आधी संपवतो. मोबाईलच्या लहरींत पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ताकद नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित' या गटात टाकलं, तेही मेंदूतल्या गाठींबाबतच्या मर्यादित पुराव्यावरून. रक्ताच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. एक्स-रे आणि गॅमा किरणांचं मात्र वेगळं आहे. ते डीएनएच्या दोन्ही दोऱ्या एकदम तोडू शकतात. अस्थिमज्जेतली पेशी त्या जोडायला जाते आणि कधी चुकीची टोकं जोडून बसते. नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे असे एकमेकांना जोडले गेले, तर त्यातून ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, एक प्रकार उभा राहतो. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांमध्ये किरणांमुळे सगळ्यात आधी वाढलेला कर्करोग म्हणजे ल्युकेमियाच. दोन-तीन वर्षांत तो दिसू लागला आणि सहा ते आठ वर्षांनी त्यानं टोक गाठलं.

केसगळतीच्या वेळीही 'हा किरणोत्सर्ग तर नाही?' असं विचारणारे फोन मला आले होते. त्याचं उत्तर रक्तात होतं. साऱ्या अंगावर केस गळण्याइतकी, म्हणजे तीन ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) आसपास मात्रा पडली, तर रक्तातल्या लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी दोन दिवसांतच झपाट्यानं कमी होतात. केस गळायला दोन-तीन आठवडे जातात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात याच पेशींमधली दोन मध्यबिंदूंची, म्हणजे चुकीची जुळलेली, गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून माणसाला मिळालेल्या मात्रेचा अंदाज काढतात. शेगावच्या आजाराची चाल तशी नव्हती. आधी खाज, मग विरळ केस, मग टक्कल, आणि सगळं आठवड्याच्या आत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासलेल्या नमुन्यांत सेलेनियम नेहमीपेक्षा रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट निघालं. त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं.

आता ज्या गोष्टीसाठी आज लिहितो आहे ती. केरळच्या कोल्लम जिल्ह्यात करुणागप्पळ्ळी नावाचा तालुका आहे. तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट आहे, मोनाझाइटमध्ये थोरियम, आणि थोरियममुळे काही भागांत नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांच्या कितीतरी पट. भीती बाळगायला तिथल्या लोकांकडे आपल्यापेक्षा भक्कम कारण होतं. तिथं काय केलं? १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रानं तालुक्याची कर्करोग नोंदणी सुरू केली. माणसं घरोघर गेली, घराच्या आत आणि बाहेर किरणोत्सर्ग मोजला, कोण किती वर्षं कुठे राहिलं ते लिहून घेतलं. ३० ते ८४ वयाच्या ६९,९५८ लोकांवर सरासरी साडेदहा वर्षं लक्ष ठेवलं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला. कर्करोगाचे १,३७९ रुग्ण, त्यांत ल्युकेमियाचे ३०, आणि जास्त किरणोत्सर्गाच्या घरांत कर्करोग जास्त असल्याचं आढळलं नाही. भाभा केंद्राच्या तिथल्या प्रयोगशाळेनं २७ हजारांहून अधिक नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तातली गुणसूत्रं तपासली. तिथंही जास्त आणि कमी किरणोत्सर्गाच्या भागांत लक्षणीय फरक सापडला नाही.

यावरून कमी मात्रेचा प्रश्न कायमचा मिटला असं कुणी समजू नये. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक अणुकामगारांच्या २०१५ च्या अभ्यासात मात्रेबरोबर ल्युकेमियाचा धोका थोडा वाढलेला दिसलाच. पण करुणागप्पळ्ळीच्या माणसानं 'माझ्या मुलाला हे वाळूमुळे झालं का?' असं विचारलं, तर त्याच्यापुढे ठेवायला वर्षानुवर्षांची वही आहे. आपल्याकडे शेगावच्या गावांत आयसीएमआरची आणि एम्सची पथकं आली, रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य यांचे नमुने घेऊन गेली. ते आवश्यकच होतं. पण नमुना एका दिवसाचं सांगतो. त्या माणसांचं पाच वर्षांनी, दहा वर्षांनी काय झालं, हे फक्त नोंद सांगते.

माझं जुनं टुमणं आहे आणि ते मी सोडणार नाही. बुलढाणा जिल्ह्याला स्वतःची कर्करोग नोंदणी हवी. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात लोकसंख्येवर आधारलेल्या २८ नोंदण्या आहेत. त्यांत विदर्भातून नागपूर आणि वर्धा आहेत, बुलढाणा नाही. आपला रुग्ण अकोल्याला, छत्रपती संभाजीनगरला, नागपूरला किंवा थेट मुंबईला टाटात जातो. तिथं तो त्या रुग्णालयाच्या आकड्यांत मोजला जातो, पण २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या २५ लाख ८६ हजार लोकांमागे किती, हे त्यातून कळत नाही. शेत किती एकर हे ठाऊक नसताना घरी आलेल्या क्विंटलांवरून उतारा काढण्यासारखं ते आहे. आणि नोंदणी खेड्यापाड्यांत जमत नाही, असं कुणी सांगू नये. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीनं १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. माणसं गावोगाव हिंडून रुग्ण शोधत होती आणि नोंदवत होती. संगणक, रस्ते, सगळंच तेव्हा आजच्यापेक्षा कमी होतं, मोबाईल तर नव्हताच.

नोंद असती तर टॉवरवर खर्च होणारी काळजी जिथं लागते तिथं लागली असती. उदाहरणार्थ, सीटी स्कॅनमधल्या एक्स-रे किरणांवर मी पूर्वी लिहिलं तेव्हा काही डॉक्टर रागावले. पुढे २०२३ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या साडेनऊ लाख मुलातरुणांचा अभ्यास आला. दहा हजार मुलांचा आज एकेक सीटी झाला, तर पुढच्या बारा वर्षांत त्यामुळे एक-दोघांना रक्ताचा कर्करोग होईल, असा त्याचा अंदाज. हा धोका लहान आहे. डोक्याला मार लागलेल्या मुलाला सीटी लागत असेल तर तो केलाच पाहिजे. गरज नसलेला टाळला पाहिजे, आणि प्रत्येक अहवालावर किरणांची मात्रा छापली पाहिजे.

बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या कम्युनिटी मेडिसिन विभागानं जिल्हा परिषदेच्या आरोग्य यंत्रणेला बरोबर घेऊन ही नोंदणी सुरू करावी, आणि पहिलं पान शेगाव तालुक्यातल्या केसगळतीच्या गावांचं असावं. ज्याचं रक्त घेतलं, त्याच्या हातात त्याच्या रक्ताचा निष्कर्ष मराठीत लिहून द्यावा. निवेदन पाठवणाऱ्या तरुणांना माझं सांगणं: टॉवरची मागणी सोडा, त्याच कागदावर नोंदणीची मागणी लिहा आणि ग्रामसभेत ठराव करून घ्या. त्या ठरावाची प्रत मला पाठवा, ती मी या स्तंभात छापीन.