हृदयाचे द्वारपाल

१८८३ सालीं लंडन येथें सिडनी रिंगर यांस आढळलें कीं, बेडकाचें हृदय शुद्ध पाण्यांतील मिठाच्या द्रावांत लवकरच थांबतें; त्यांत कॅल्शियम असल्यास धडधडत राहतें. हें कॅल्शियम पेशीबाहेर आंतल्याहून सुमारें १०,००० पट असतें. म्हणून पेशीच्या आवरणांतील त्याचीं सूक्ष्म द्वारें फार वेळ उघडीं राहिल्यास अनर्थच! विद्युद्दाब बदलतांच द्वार उघडतें. पण आंत शिरलेलें कॅल्शियमच कॅल्मोड्युलिन नामक प्रथिनास चिकटून तें मिटवितें. पाहुण्यानेंच आंत येऊन कडी लावावी, तसा हा प्रकार. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिन हें औषध रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील अशींच द्वारें आवरतें व वाहिन्या सैल करतें. दाब उतरला तो या पहाऱ्यामुळें, हें ध्यानांत घेऊन वडीलधाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून गोळी सोडूं नये.