सहकारी संस्थांच्या कारभारांतील गळती

विहिरीवरील मोटार नीट चालत असूनही शेवटच्या सऱ्यांना पाणी पोंचत नसेल, तर शहाणा शेतकरी दुसरी मोटार आणण्यापूर्वीं पाटाच्या कडेनें चालत जातो. उंदरानें कोठें बीळ पाडलें आहे, बांध कोठें खचला आहे, दारें कोठें नीट धरलें गेलें नाहीं, हें तो डोळ्यांनीं पाहतो. आणि पुष्कळदां दोन पाट्या मातीनें काम भागतें. परंतु हाच शेतकरी आपल्या सोसायटीचा संचालक झाला म्हणजे ही त्याची दृष्टि जणूं घरींच राहते. मालाच्या वजनास उशीर होऊं लागला, खताची पोतीं खराब निघालीं, सभासदांच्या तक्रारी वाढल्या, कीं लागलीच नव्या वखारीचा, मोठ्या कांट्याचा किंवा आणखी दोन नोकरांचा ठराव पुढें येतो. सप्टेंबरअखेर व्हावयाच्या वार्षिक सभेंत असे ठराव टाळ्यांच्या गजरांत मंजूर होतात. पाटाच्या कडेनें चालत जाण्याचा ठराव मात्र कोणी मांडीत नाहीं. तो मांडला जावा, एवढ्याचसाठीं हा लेखप्रपंच आहे.

हल्लीं कारखानदारांच्या तोंडीं ‘लीन व्यवस्थापन’ आणि ‘काईझेन’ असे दोन शब्द वारंवार ऐकूं येतात. पहिला इंग्रजी, दुसरा जपानी. ‘लीन’ म्हणजे चरबी नसलेला, सडपातळ. जॉन क्राफ्चिक नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९८८ सालीं तो कारखान्यांच्या कारभारास लावला आणि १९९० सालीं निघालेल्या एका ग्रंथानें तो जगभर रूढ झाला. ‘काईझेन’ म्हणजे चांगल्याकडे नेणारा बदल. आपल्या भाषेंत ‘लीन’ याचा अर्थ नम्र असा होतो, आणि आमच्या मतें हा अर्थच या विद्येस अधिक शोभतो. कारण आपल्या कामांत दोष आहे असें नम्रपणें मानल्याखेरीज तिचा पहिला धडाही गिरवितां येत नाहीं.

या विद्येचें मूळ एका हातमागांत आहे हें वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. साकिची तोयोदा हा जपानांतील एका खेड्यांतील सुताराचा मुलगा. त्याचा जन्म १८६७ सालचा. घरोघरीं बायका मागावर कष्ट करीत, ते कमी व्हावेत म्हणून तो आयुष्यभर माग सुधारीत राहिला. १९२४ सालीं पूर्ण झालेल्या त्याच्या स्वयंचलित मागाची खुबी अशी होती, कीं धागा तुटला तर माग आपोआप थांबे. त्यामुळें सदोष कापड विणलें जात नसे आणि एक माणूस अनेक मागांवर देखरेख करूं शके. १९२९ सालीं इंग्लंडांतील प्लॅट ब्रदर्स या प्रख्यात यंत्र-कारखान्यानें त्याचे हक्क विकत घेण्याचा करार केला. पुढें त्याचा मुलगा किइचिरो यानें मोटारगाड्यांचा धंदा काढला व १९३७ सालीं टोयोटा कंपनी स्थापन झाली. दोष दिसतांच काम थांबवावयाचें, हें मागाचें तत्त्व मोटारींच्या कारखान्यांतही आलें. तेथें साध्या कामगारासही अडचण दिसतांच दोरी ओढून इशारा देण्याचा अधिकार असतो, आणि अडचण वेळेंत दूर न झाल्यास सारी रांग थांबते.

महायुद्धानंतर जपान कंगाल झाला होता. अमेरिकन कारखान्यांप्रमाणें ढीगभर माल करून ठेवण्यास त्याजपाशीं भांडवलही नव्हतें व गिऱ्हाईकही नव्हतें. अशा वेळीं टोयोटांतील ताइची ओनो नामक अधिकाऱ्यानें कारखान्यांतील कोणकोणत्या गोष्टी वांया जातात याचा छडा लावला. त्यानें सात प्रकार सांगितले: गरजेहून अधिक माल करणें, खोळंबून राहणें, मालाची निष्कारण ने-आण, नको असलेली प्रक्रिया, फाजील साठा, माणसाची निष्कारण हालचाल आणि सदोष माल. मागील विभागानें माल पुढें ढकलावयाचा नाहीं, तर पुढील विभागानें लागेल तेव्हां, लागेल तेवढाच मागून घ्यावयाचा, आणि त्या मागणीची खूण म्हणून एक चिठ्ठी पाठवावयाची, अशी त्यानें रीत घातली. त्या चिठ्ठीस ‘कानबान’ म्हणतात.

आतां हे सात प्रकार आपल्या कारभारास लावून पाहूं. तोडलेला ऊस जसजसा पडून राहतो तसतसें त्याचें वजन घटतें व साखरेचा अंशही उतरतो. म्हणून शक्य तों चोवीस तासांच्या आंत त्याचें गाळप व्हावें असें म्हणतात. तरीही ऐन हंगामांत कारखान्याच्या आवारांत गाड्यांच्या रांगा उभ्या दिसतात. हा खोळंबा केवळ गाडीवानाचा नव्हे, तो सभासदाच्या वजनावर व साखरेच्या उताऱ्यावर बसणारा दंड आहे. निर्यातीच्या द्राक्षांचें पूर्वशीतकरण तोडणीनंतर चार ते सहा तासांत व्हावें लागतें. पण पेट्या, कागद व माणसें यांचा मेळ नसल्यानें माल सावलींत वाट पाहत बसतो. दुधाचें तर विचारूंच नये. संकलनाचा मापारी अर्धा तास उशिरां आला, तर उन्हाळ्यांत तेवढ्यानेंही दूध नासण्याच्या मार्गास लागतें. वखारींत एकावर एक रचलेलीं खताचीं पोतीं ओल धरून दगड होतात, औषधांच्या बाटल्यांची मुदत कपाटांतच संपते. हा फाजील साठा. तेंच पोतें गाडीवरून जमिनीवर, जमिनीवरून कांट्यावर, कांट्यावरून पुन्हां जमिनीवर आणि तेथून थप्पीवर असें चार वेळां हलतें. ही निष्कारण ने-आण, आणि हमालाच्या पाठीवर तिचा भार. एकच नांव, गट नंबर व वजन तीन निरनिराळ्या वह्यांत लिहून पुन्हां संगणकांत भरलें जातें. ही नको असलेली प्रक्रिया.

सर्वच खोळंबा गळतींत जमा करूं नये, हेंही येथें सांगितलें पाहिजे. महसुली दप्तरांत आमची हयात गेल्यामुळें एक उदाहरण सहज सुचतें. खरेदीखतावरून फेरफाराची नोंद झाली म्हणजे हितसंबंधी लोकांस नोटीस देऊन हरकतीसाठीं पंधरा दिवस थांबावें लागतें. हे पंधरा दिवस वांया जात नाहींत. भाऊबंदांचा, विधवा बहिणीचा, गहाणदाराचा हक्क त्यांनीं राखला जातो. परंतु त्या आधीं कागद टेबलावर पडून राहिला किंवा मुदत संपल्यावरही कोणी तो उचलला नाहीं, तर तो काळ मात्र निखालस वांया गेला. कोणतें थांबणें सभासदाच्या हिताचें व कोणतें केवळ संवयीचें, हा विवेक करणें हेंच खरें व्यवस्थापन होय. जो सरसकट ‘वेग वाढवा’ म्हणतो त्याला हा विवेक कळलेला नाहीं.

ओनोचा दुसरा दंडक असा, कीं दोष आढळतांच एकदां नव्हे, पांच वेळां ‘कां?’ म्हणून विचारावें. आपल्या शिवारांतलाच दाखला घेऊं. गांवचें रोहित्र जळालें. कां? त्यावर एकाएकीं फार भार आला. भार कां आला? वीज येतांच साऱ्या मोटारी एकाच क्षणीं सुरू झाल्या, आणि सुरू होतांना मोटार नेहमींच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. सर्व एकदम कां सुरू झाल्या? सर्वांनीं स्वयंचलित स्विच बसविले आहेत. ते कां बसविले? वीज रात्रीं अपरात्रीं येते; अंधारांत, साप-विंचवांच्या वाटेनें विहिरीवर जाण्यास कोण राजी होईल? वीज रात्रीं कां? दिवसा सर्वांस पुरेल अशी सोय त्या वाहिनीवर झालेली नाहीं. पहिल्याच उत्तरावर थांबणारा मनुष्य नवें रोहित्र मागेल, आणि तेंही जळेल. शेवटपर्यंत जाणारा मनुष्य मोटारींस कपॅसिटर बसवील, गटागटांनीं पाळ्या ठरवील आणि दिवसाच्या विजेसाठीं एकजुटीनें अर्ज करील. सौर वाहिनीची जी सरकारी योजना २०१७ पासून चालू आहे, तिचा रोख याच पांचव्या उत्तरावर आहे.

येथें कोणी म्हणेल, “जपानी माणूस शिस्तीचा, आमचीं माणसें कामचुकार. त्यांची विद्या आमच्या काय कामाची?” या आक्षेपास अमेरिकेनेंच उत्तर देऊन ठेविलें आहे. कॅलिफोर्नियांतील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, तंटे व सदोष गाड्या यांबद्दल कुप्रसिद्ध होता. तो १९८२ सालीं बंद पडला. १९८४ सालीं टोयोटाच्या भागीदारींत तोच कारखाना पुन्हां सुरू झाला. इमारत तीच, बहुतेक कामगारही तेच, त्यांची संघटनाही तीच. कारभाराची रीत तेवढी बदलली, आणि थोड्याच काळांत तेथील गाड्या अमेरिकेंतील उत्तम गाड्यांत गणल्या जाऊं लागल्या. तेव्हां हमाल किंवा मापारी आळशी आहे असें ठरविण्यापूर्वीं त्याच्या कामाची मांडणी कोणी केली, हें संचालकांनीं स्वतःस विचारावें.

परंतु या विद्येची दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. पुष्कळ ठिकाणीं ‘लीन’ हें नांव पुढें करून माणसेंच कमी करण्यांत आलीं आहेत. खुद्द टोयोटांतही १९५० सालीं पैशाची चणचण भासून दीड हजारांहून अधिक कामगार कमी झाले, मोठा संप झाला आणि त्याची जबाबदारी घेऊन किइचिरो तोयोदानें स्वतः अध्यक्षपद सोडलें. त्यानंतर १९५१ सालीं कामगारांच्या सूचना मागविण्याची पद्धत तेथें सुरू झाली व १९६२ सालीं कंपनी आणि कामगार-संघटना यांनीं परस्पर विश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. यांतील मर्म उघड आहे. आपण सुचविलेल्या सुधारणेमुळें आपलीच भाकरी जाणार, असें ज्यास वाटेल तो दुसऱ्यांदा तोंड उघडणार नाहीं. चार फेऱ्यांऐवजीं दोनच फेऱ्यांत पोतें थप्पीवर जाऊं लागलें, तर हमालाची हमाली निम्मी करूं नये. उलट वांचलेल्या वेळाचा कांहीं लाभ त्याच्या पदरीं पडला पाहिजे. एवढें वचन देण्यास जी संस्था तयार नाहीं, तिनें या वाटेस जाऊंच नये.

साठ्याविषयींही तारतम्य हवें. १ फेब्रुवारी १९९७ रोजीं टोयोटास ब्रेकचा एक लहानसा भाग पुरविणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली. साठा नाममात्र असल्यामुळें टोयोटाचे कारखाने कांहीं दिवस ठप्प झाले. आणि शेजारच्या अनेक लहानमोठ्या पुरवठादारांनीं तो भाग आपापल्या यंत्रांवर करून दिला म्हणूनच काम लौकर सुरू झालें. २०११ सालच्या भूकंपानंतर तर टोयोटानें इलेक्ट्रॉनिक भागांचा कांहीं महिन्यांचा साठा जाणूनबुजून ठेवविला. यावरून आपण शिकावयाचें तें हें, कीं बियाणें व खत मृगापूर्वीं वखारींत असलेंच पाहिजे; पाऊस कोणाच्या चिठ्ठीची वाट पाहत नाहीं. दुष्काळी मुलखांत कडबा व चारा यांचा साठा हा फाजील साठा नव्हे, तो विमा आहे. गळती ती वेगळी. ती गेल्या सालच्या न उठलेल्या पोत्यांत व मुदत संपलेल्या बाटल्यांत असते.

शेती म्हणजे कारखाना नव्हे, हें खरें. परंतु वखार, कांटा, दूध-संकलन व हिशेबाचें दप्तर हीं कांहीं पावसावर चालत नाहींत. शिवाय खुद्द टोयोटानेंही २०१४ सालीं भातशेती करणाऱ्या संस्थांकरितां, विखुरलेल्या शेकडों खाचरांपैकीं कोणत्या खाचरांत कोणतें काम केव्हां करावयाचें, हें ठरविण्याची पद्धत पुढें आणली. आणि आपल्याही बाजूचा धागा या गोष्टींत आहे: ज्यांनीं लोखंडी नांगर बनविले व १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली, त्या किर्लोस्करांच्या उद्योगसमूहाशींच भागीदारी करून टोयोटा १९९७ सालीं हिंदुस्थानांत आली व बंगळूरजवळ बिडदी येथें तिनें कारखाना काढला.

तेव्हां आमच्या सूचना थोड्या व बिनखर्चाच्या आहेत. प्रत्येक संस्थेनें येत्या हंगामांत एकाच सभासदाचें एकच पोतें शेतापासून त्याच्या खात्यांत पैसे जमा होईपर्यंत घड्याळ लावून पाहावें. प्रत्यक्ष काम किती मिनिटें झालें व खोळंबा किती तास झाला, हें लिहून सभेपुढें ठेवावें. संचालकांनीं महिन्यांतून एक सकाळ कचेरींत न बसतां कांट्यापाशीं उभें राहून काढावी; तेथें हुकूम सोडूं नयेत, फक्त पाहावें व विचारावें. कांट्याजवळ एक काळा फळा टांगावा. त्यावर हमाल, मापारी, चालक, सभासद यांपैकीं कोणीही अडचण लिहावी, आणि दर आठवड्यास त्यांतील एक तरी दूर करावी. जी सुधारणा टिकली तीच पुढील रीत म्हणून लिहून ठेवावी, नाहीं तर चिटणीस बदलतांच सारें पूर्वपदावर येतें. आणि सुधारणेमुळें कोणाचीही रोजी बुडणार नाहीं, असा ठराव या सर्वांच्या आधीं करावा.

या कामास एक वर्ष पुरणार नाहीं, व कधीं तरी तें संपेल असेंही नाहीं. पाट आज लिंपला तरी उंदीर उद्यां पुन्हां येतोच. म्हणून शेतकरी पाणी देण्याचें सोडीत नाहीं, कीं पाट पाहण्याचेंही सोडीत नाहीं. नव्या वखारीचा ठराव मांडणाऱ्या संचालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं जुन्या वखारींतील एक पोतें कोठें कोठें थांबतें हें त्यांनीं आधीं सभासदांस सांगावें. तें सांगितल्यावरही वखार लागतच असेल, तर ती अवश्य बांधावी. मग तिला मत देण्यास आम्हीही पुढें असूं.