वाघापलीकडचे पालघर

पालघर-बोईसरचे हौशी छायाचित्रकार वाघासाठी ताडोबा गाठतात. दाराशीच तुंगारेश्वर अभयारण्य आहे, त्याकडे मात्र कॅमेरे क्वचितच वळतात.

२०१६ मध्ये नयन खानोलकर यांना लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी गटाचा पुरस्कार मिळाला. त्या चित्रात होता मुंबईतल्या आरेच्या वारली पाड्यात, घरांमधल्या बोळातून चाललेला बिबट्या. असे चित्र घाईच्या सफारीत मिळत नाही. त्यासाठी तीच जागा सगळ्या ऋतूंत पाहावी लागते: फाल्गुनात पळस-पांगाऱ्यावरचे पक्षी, पावसाच्या तोंडावर काजवे, हिवाळ्यात चिंचणी-केळव्याच्या किनाऱ्यावरचे कुरव.

मात्र घरट्यांजवळची गर्दी आणि मोबाइलवर वाजवलेली पक्ष्यांची शीळ थांबलीच पाहिजे.

वनखात्याने पाड्यांवरच्या तरुणांना वाटाडे म्हणून प्रशिक्षण द्यावे. प्रवेशशुल्कातला वाटाही त्यांना मिळावा.