वकिलातीची वाट

शेजारच्या काकू चकल्यांचा डबा घेऊन आल्या, की ओळखावे, डब्याबरोबर एखादा प्रश्नही आला आहे. यंदाही तसेच झाले. डबा टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "अरे, तू अंकात लिहिणारा माणूस, मला एक सांग. काल न्यू जर्सीहून सूनबाईचा फोन होता. म्हणे, आमची नात आता वकिलातीत जाणार. मी म्हटलं, आपल्या घरात एक वकील होऊन गेले, तेवढे पुरे!"

काकूंच्या यजमानांची सारी हयात दिवाणी कोर्टात गेली, त्यामुळे वकील म्हटले की काकूंना काळा कोटच दिसतो. मी त्यांना सांगितले, की हा वकील निराळा. पेशव्यांचा वकील दिल्लीच्या दरबारी असे, तो काही कुणा अशिलाचा खटला चालवीत नसे. आपल्या राज्याचे म्हणणे परक्या दरबारात मांडायचे, आणि तिथली हालहवाल इकडे कळवायची, हे त्याचे काम. म्हणूनच परदेशातल्या आपल्या कचेरीला आपण आजही वकिलात म्हणतो.

"ते कळलं रे," काकू म्हणाल्या. "पण पुढं ऐक. दोन वर्षं एम. ए.चा खर्च तिथलं सरकार देणार, आणि नंतर पाच वर्षं नोकरीला बांधून घेणार. मधेच सोडली तर पैसे परत मागणार! ही शिष्यवृत्ती म्हणायची, की सावकारी?"

वाचकहो, प्रश्न फेकून देण्यासारखा नव्हता. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अशा दोन शिष्यवृत्त्या नावाजलेल्या आहेत. एक टॉमस पिकरिंग यांच्या नावाची, 1992 साली सुरू झालेली. हे पिकरिंग 1992-93 मध्ये दिल्लीला अमेरिकेचे राजदूत होते. दुसरी चार्ल्स रँगेल यांच्या नावाची, 2002 सालची. रँगेल न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातले. शाळा अर्धवट सोडून लष्करात गेले, कोरियाच्या युद्धात जखमी झाले, आणि परतल्यावर माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर शिकून 1971 ते 2017 अमेरिकेच्या संसदेत बसले. शिक्षणाच्या वेळी हाती आलेल्या पैशाचे मोल त्यांना कुणी शिकवायला नको होते.

2024 सालच्या नियमांप्रमाणे रँगेल शिष्यवृत्तीत वर्षाला 42,000 डॉलरपर्यंत रक्कम दोन वर्षे मिळे. त्यातून फी भरायची आणि राहण्याखाण्याचेही भागवायचे. एका उन्हाळ्यात संसदेत उमेदवारी, दुसऱ्या उन्हाळ्यात परदेशातल्या एखाद्या वकिलातीत. मग आरोग्याची आणि सुरक्षेची तपासणी होऊन नोकरी, ती निदान पाच वर्षे. अर्ज मात्र अमेरिकेच्या नागरिकांनीच करायचा. काकूंची नात तिथेच जन्मलेली, म्हणून तिला ही वाट खुली. आपल्याकडच्या मुलामुलींची वाट केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जाते.

हे सारे कशासाठी? तर अमेरिकेची परराष्ट्र सेवा फार काळ गोऱ्या, सुखवस्तू घरांतल्या पुरुषांची मिरास होती. ज्याच्या घरी पैसा त्याला मोठे विद्यापीठ, आणि ज्याला मोठे विद्यापीठ त्याला वकिलात. हे कुलूप काढण्याची किल्ली म्हणून या शिष्यवृत्त्या निघाल्या.

त्यांचा कारभार वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील ज्या केंद्राकडे आला, त्याला राल्फ बंच यांचे नाव आहे. हा कृष्णवर्णी मुलगा लहानपणीच आईबापांना पारखा झाला. त्याला वाढवले आजीने, आणि ही आजी गुलामगिरीत जन्मलेली. झाडलोटीचे काम करून मुलगा कॉलेज शिकला, 1927 साली पदवीधर झाला. हार्वर्डने शिष्यवृत्ती दिली, पण तेवढ्याने भागेना. तेव्हा लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या समाजाने वर्गणी काढून 1,000 डॉलर उभे केले. पुढे 1932-33 मध्ये आणखी एक शिष्यवृत्ती मिळाली, तिच्यावर तो आफ्रिकेत गेला आणि तिथल्या फ्रेंच राजवटीवर प्रबंध लिहिला. 1949 साली इस्रायल आणि शेजारची अरब राष्ट्रे यांच्यात युद्धविरामाचे करार घडवून आणले ते याच बंच यांनी. 1950 साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

"बघा काकू," मी म्हणालो, "वेळेवर मिळालेला पैसा कुठवर पोचवतो!"

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच 1949 साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी बंच यांना परराष्ट्र खात्यात मोठी जागा देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा काळ्यागोऱ्यांचा भेद उघड पाळला जाई, आणि आपल्या बायकामुलांना त्या शहरात पुन्हा नेणे त्यांना नको होते.

हे सांगता सांगता मला बडोदे आठवले. सयाजीराव महाराजांनी 1913 साली डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि अट होती दहा वर्षे संस्थानात नोकरीची. आंबेडकर 1917 साली अट पाळण्यासाठी बडोद्यास गेलेही. पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. आसरा घेतला तिथूनही लोकांनी बाहेर काढले, आणि थोड्याच दिवसांत त्यांना परतावे लागले. महाराजांनी विद्येचे दार उघडले होते, पण शहराने घराचे दार लावून घेतले. करार कागदावरच राहिला.

तेव्हा पाच वर्षांच्या अटीला मी सावकारी म्हणणार नाही. लोकांच्या पैशाने शिकलेल्याने लोकांची चाकरी करावी, यात गैर ते काय? पण बांधिलकी दोन्ही बाजूंनी हवी. अमेरिकेची परदेशांना मदत करणारी एक मोठी सरकारी संस्था होती. तिच्यासाठीही अशीच एक शिष्यवृत्ती असे. 2025 साली ती संस्थाच बंद झाली. तिच्या भरवशावर आयुष्य आखणाऱ्या पोरांनी कुणाकडे पाहावे?

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मुलीनं काय द्यायचं, हे कागदावर लिहिलंय. त्यांनी तिला कसं वागवायचं, ते कुठं लिहिलंय?"

मला उत्तर सुचले नाही. मी चकली उचलली.

"जाऊ दे तिला," काकू उठता उठता म्हणाल्या. "पण सही करण्याआधी हा प्रश्न तिथं विचार म्हणावं. विचारायला भ्यायली, तर कसली वकील?"