ॲल्युमिनियम तापलेले दिसत नाही

वर्धा शहराजवळच्या भूगाव येथील पोलाद कारखान्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये भट्टीच्या देखभालीचे काम सुरू असताना तीसहून अधिक कामगार होरपळले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच ठिकाणी भट्टीतली मळी थंड करताना स्फोट होऊन वीसहून अधिक जण जखमी झाले. एप्रिल २०२५ मध्ये शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, उमरेड एमआयडीसीतल्या ॲल्युमिनियमची पूड तयार करणाऱ्या कारखान्यात झालेल्या स्फोटात किमान पाच कामगारांचा जीव गेला. पहिल्या दोन घटना पोलादाच्या आहेत, तिसरी ॲल्युमिनियमची. वर्धेकरांना लालभडक लोखंडाचा धोका ठाऊक आहे. ॲल्युमिनियमचा धोका वेगळ्या जातीचा आहे आणि तो ओळखण्याची वेळ आता आली आहे.

वेळ आली असे म्हणण्याचे कारण वाहन उद्योगात आहे. इंजिनाची आवरणे, गिअरबॉक्स, दुचाकीची चाके, विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटारीचे आणि बॅटरीचे कवच हे सारे भाग प्रामुख्याने ॲल्युमिनियम साच्यात ओतून, म्हणजे डाय कास्टिंगने बनतात. या कामाची महाराष्ट्रातली मोठी केंद्रे चाकण आणि वाळूज. वाळूजची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी या क्षेत्रात देशातल्या सर्वात मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीन येथे टोयोटा किर्लोस्कर आणि एथर यांनी २०२४ मध्ये वाहन प्रकल्प जाहीर केले. जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेल्या समृद्धी महामार्गाने हा पट्टा वर्ध्याला थेट जोडलेला आहे. आयटीआय करून वर्ध्याची मुले आजही चाकण-वाळूजला जातात. उद्या हेच काम बुटीबोरी, देवळी किंवा हिंगणघाटकडे सरकू शकते. मुले कामाकडे गेली काय किंवा काम मुलांकडे आले काय, भट्टीसमोर उभी राहणार ती आपलीच मुले.

रंगावरून तापमान कळत नाही

ओतीव लोखंड साधारण १,४०० अंश सेल्सिअसला ओततात. ते इतके झगझगीत असते की माणूस आपोआप दूर राहतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. डाय कास्टिंगसाठी त्यात दहा-बारा टक्के सिलिकॉन मिसळतात, त्यामुळे मिश्रधातू ५८० अंशांच्या आसपासच पातळ होतो आणि साच्याच्या बारीक कोपऱ्यांत सहज शिरतो. ओततेवेळी त्याचे तापमान ६५० ते ७०० अंश असते. शिवाय ॲल्युमिनियमचा चकचकीत पृष्ठभाग प्रकाश फारसा बाहेर टाकत नाही. त्यामुळे दिवसाउजेडी भट्टीतला रस पाऱ्यासारखा चंदेरी, शांत दिसतो. साच्यातून नुकताच निघालेला भाग दोन-तीनशे अंश तापलेला असतो, पण तो बाजूच्या थंड भागासारखाच दिसतो. नवा हेल्पर नेमका इथेच फसतो. अंगभूत भीती ज्या खुणेवर चालते, ती खूणच या धातूत नाही.

तीन पद्धती, तीन प्रकारचे धोके

'फाउंड्रीत काम करतो' एवढे सांगून धोका कळत नाही. कोणत्या पद्धतीची फाउंड्री, हे विचारायला हवे.

पहिली पद्धत ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगची. कामगार पळीने रस घेतो आणि पोलादी साच्यात ओततो. पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. यंत्रसामग्री स्वस्त असल्याने लहान युनिटमध्ये हीच पद्धत जास्त चालते. इथे माणूस आणि वितळलेला धातू यांच्यात फक्त पळीच्या दांड्याएवढे अंतर असते. दिवसभर तेच वजन, तेच वळणे, समोरून भट्टीची धग. खांदा, कंबर आणि डोळे यांच्या तक्रारी या पद्धतीत आधी सुरू होतात.

दुसरी पद्धत लो प्रेशरची. बंद भट्टीच्या डोक्यावर साचा बसवतात आणि भट्टीत हवेचा हलका दाब देऊन रस नळीवाटे खालून वर चढवतात. धातू संथपणे भरतो, बुडबुडे कमी अडकतात, म्हणून गाड्यांची ॲलॉय चाके आणि सिलिंडर हेड अशी बनवतात. कामगाराला पळी धरावी लागत नाही. पण भट्टी दाबाखाली असल्यामुळे सील किंवा नळीचा जोड सैल झाला, तर रस बाहेर पडतो.

तिसरी पद्धत हाय प्रेशरची. कामगार तिला 'पीडीसी' म्हणतात. एका नळकांड्यात रस टाकतात आणि दट्ट्या तो साच्यात ढकलतो. दाब वातावरणाच्या दाबाच्या शेकडो पट, कधी हजार पटही असतो. पूर्ण साचा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत भरतो. एवढा दाब सोसताना साच्याची दोन अर्धुके फाकू नयेत म्हणून त्यांना शेकडो, हजारो टनांच्या बलाने आवळून धरावे लागते. यंत्राचा आकार या टनांतच सांगतात. टेस्लाने २०२० पासून मोटारीचा मागचा अख्खा सांगाडा एका फटक्यात ओतायला घेतला, ती यंत्रे ६,००० टनांच्या घरातली होती.

जस्ताच्या कामात हे नळकांडे थेट भट्टीत बुडवून ठेवता येते. ॲल्युमिनियमला ते चालत नाही, कारण तापलेले ॲल्युमिनियम लोखंडालाच विरघळवू लागते. म्हणून दर वेळी ठरावीक रस बाहेरून आणून टाकावा लागतो. मोठ्या कारखान्यात हे काम यांत्रिक हात करतो, लहान ठिकाणी माणूस. साच्याच्या तोंडाशी थोडीशी फट राहिली, तरी धातूचा पातळ फवारा जोरात बाहेर येतो. यंत्राचा सुरक्षा दरवाजा त्यासाठीच असतो. उत्पादन वाढवायच्या घाईत दरवाज्याचा सेन्सर तार जोडून 'बायपास' केला, की कामगार आणि फवारा समोरासमोर येतात.

भाग बाहेर आल्यावर कडेचा जादा धातू कापायला ट्रिमिंग प्रेस असतो. सेफ इन इंडिया ही संस्था वाहनांचे सुटे भाग बनवताना बोटे आणि हात गमावणाऱ्या कामगारांची परिस्थिती 'क्रश्ड' या अहवालांतून मांडत आली आहे. तिथे वारंवार पुढे येणारे यंत्र पॉवर प्रेसच आहे. कास्टिंगच्या शॉपमध्ये सगळे लक्ष भट्टीकडे असते आणि बोट मात्र प्रेसमध्ये जाते.

पाण्याचा थेंब आणि पांढरी धूळ

या तिन्ही पद्धतींचा समान शत्रू म्हणजे ओलावा. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १,७०० पट पसरते. रसाच्या पृष्ठभागावर पडलेले पाणी तडतडून उडून जाते, पण तेच पाणी रसाखाली अडकले तर वरचा धातू छतापर्यंत उडतो. त्यातच ॲल्युमिनियम पाण्यातला ऑक्सिजन खेचून घेते, उष्णता आणि हायड्रोजन बाहेर टाकते आणि स्फोट आणखी वाढतो. पाणी येते कुठून? उघड्यावर ठेवलेल्या भंगारातून, पावसात भिजलेल्या इनगॉटमधून, बंद डब्यातून, न तापवलेल्या पळीतून, गळक्या कूलिंग लाइनमधून. डाय कास्टिंगचा बराचसा धातू भंगार वितळवूनच येतो. ही चांगलीच गोष्ट आहे, कारण खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला जी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्के ऊर्जेत भंगाराचे काम होते. पण विदर्भातल्या जुलैत उघड्या शेडमधले भंगार भट्टीत टाकण्याआधी तापवून कोरडे करणे ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. गंजलेली अवजारेही रसात घालू नयेत. गंज आणि तापलेले ॲल्युमिनियम यांची जोरदार रासायनिक क्रिया होऊ शकते.

दुसरा शत्रू धूळ. ओतलेल्या भागांच्या कडा घासताना, पॉलिश करताना ॲल्युमिनियमची बारीक पूड उडते. जमिनीवर पडलेली ती निरुपद्रवी वाटते. हवेत ढग होऊन तरंगली आणि एक ठिणगी मिळाली, की ती बारुदासारखी पेटते. चीनमधल्या कुनशान येथे ऑगस्ट २०१४ मध्ये ॲल्युमिनियमच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात असाच स्फोट झाला आणि १४६ जण दगावले. ते कामगार भट्टीपासून दूर, 'सोप्या' समजल्या जाणाऱ्या विभागात होते. उमरेडची घटना पूड बनवणाऱ्या कारखान्यातली असली, तरी पुडीचा स्वभाव तोच. ही धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने झटकायची नसते, शोषून घ्यायची असते. पेटलीच तर तिच्यावर पाणी मारायचे नसते, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास भुकटी टाकायची असते.

तिसरा त्रास हळू येतो. रसातला हायड्रोजन काढायला अनेक लहान फाउंड्रीत हेक्झाक्लोरोइथेनच्या गोळ्या टाकतात. त्यातून क्लोरीनयुक्त, घसा आणि फुप्फुसे जाळणारा धूर निघतो. नायट्रोजन किंवा आर्गॉन वायू फिरत्या दांड्याने रसात सोडला तर हेच काम धुराशिवाय होते आणि कास्टिंगही चांगले निघते. ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास आणि आरेखन केंद्र ही संस्था नागपूरजवळ वाडी येथे १९८९ पासून आहे. वर्ध्याच्या उद्योजकाला अशा तांत्रिक सल्ल्यासाठी दूर जावे लागत नाही.

डोकी मोजणारा कायदा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत वीज वापरणारा 'कारखाना' म्हणजे किमान २० कामगारांची जागा. १९४८ च्या केंद्रीय कायद्यात हा आकडा १० होता. लहान उद्योगावरचा कागदी भार कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण ग्रॅव्हिटी कास्टिंगचे युनिट आठ-दहा माणसांतही चालते, आणि याच पद्धतीत माणूस रसाच्या सर्वात जवळ असतो. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथेच तपासणी विरळ होण्याची शक्यता आहे.

संहितेत यावर उतारा आहे. लोखंडी आणि बिगरलोखंडी फाउंड्री धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहेत. अशा कामांना कामगारसंख्या न बघता संहिता लागू करण्याची, एकच कामगार असला तरी ईएसआयसीचे संरक्षण देण्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी सरकारने अधिसूचना काढायला हवी. मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची घोषणा चाळिशीपुढच्या कामगारांसाठी झाली आहे. कास्टिंग शॉपमधला कामगार बहुधा विशीतला असतो. त्याला धोकादायक प्रक्रियेसाठीची वेगळी तपासणी, कामावर घेताना आणि नंतर दर वर्षी, मिळायलाच हवी. त्यात श्रवणशक्ती, फुप्फुसांची क्षमता आणि डोळे यांची नोंद असावी.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातील दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहणार असली, तरी ४५ अंशांच्या वर्ध्याच्या मे महिन्यात भट्टीसमोरचा बारावा तास हा सहाव्या तासासारखा नसतो. घामाने शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाले, की आधी लक्ष विचलित होते, नंतर चक्कर येते. पळी हातात असताना पहिली पायरीच पुरेशी धोक्याची आहे. भट्टीच्या कामाला या सवलतीतून उन्हाळ्यापुरते तरी वगळणे शहाणपणाचे ठरेल.

घरच्यांनी काय विचारावे

मुलगा कास्टिंगच्या कामावर जाणार असेल, तर पगाराबरोबर चार गोष्टी विचाराव्यात. पद्धत कोणती? यंत्राला दरवाजा आहे आणि तो उघडला की यंत्र थांबते का? भंगार झाकून ठेवतात का? ईएसआयसीचा क्रमांक, कंत्राटदारामार्फत का होईना, मिळाला का? कपडे पॉलिस्टरचे नकोत, ते वितळून कातडीला चिकटतात. आगरोधक प्रक्रिया केलेला जाड सुती पोशाख, चेहऱ्यावर शील्ड, नाडी नसलेले बूट आणि बुटांच्या बाहेर सोडलेली पँट, एवढे मालकाने द्यायलाच हवे. पँट बुटात खोचली तर उडालेला थेंब सरळ आत उतरतो.

आणि कोणी भाजलेच तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पाणी वितळलेल्या धातूवर कधीच टाकायचे नाही, पण भाजलेल्या माणसाच्या अंगावर लगेच टाकायचे. त्याला आधी भट्टीपासून दूर न्यावे, मग भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. चिकटलेला कपडा किंवा धातू ओढून काढू नये. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकावे आणि रुग्णालय गाठावे. वर्ध्यात सेवाग्राम आणि सावंगी ही दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हाताशी आहेत. ही सोय जिल्ह्याचे मोठे बळ आहे. प्रत्येक कास्टिंग शॉपच्या भिंतीवर रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि दाराजवळ पाण्याचा नळ असला, तर त्या बळाचा उपयोग होईल.

जिल्हा उद्योग केंद्र आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांनी वर्ध्यात सध्या किती ठिकाणी ॲल्युमिनियम वितळवले जाते, कोणत्या पद्धतीने आणि किती माणसे लावून, याची यादी कामगारसंख्येची अट न ठेवता करावी. नवे काम येण्याआधी ही यादी तयार असेल, तर अधिसूचना निघाल्यावर कुठे जायचे हे निरीक्षकाला शोधावे लागणार नाही.